दोन दिवसांच्या दशम्या

लग्न होऊन मी सुरतेला निघाले तेव्हा मायने माझ्या पिशवीत एका जेवणापुरत्या दशम्या बांधून दिल्या. अमळनेरपर्यंत एसटीने जायचं आणि तिथून सुरतेची गाडी धरायची होती. माय स्टेशनवर आली नाही, फाट्यापर्यंतच आली. एसटी लांबून दिसली तसं तिने पिशवीचं तोंड पुन्हा उघडून पाहिलं आणि म्हणाली, "सुरत कितलं दूर? एक जेवननं. मधमा भूक लागनी ते खाई ले." मी रडत होते, पण ते ऐकून बरं वाटलं. एका जेवणाइतक्या लांब माहेर असेल तर ते काही सुटलं नाही, असं मनाशी धरून मी एसटीत बसले.

माझी माय अंतर असंच मोजायची. बाजाराचं गाव तिला जाताना नुसत्या पाण्याचं होतं. मावशीचं गाव एका भाकरीचं. त्याहून लांब कुणी निघालं की ती दशम्या करायला बसायची. दशमीचं पीठ दुधात मळतात, पाण्याचा थेंब लावत नाहीत, म्हणून ती दिवसच्या दिवस टिकते. किती दशम्या करायच्या हे माय माणसाची भूक बघून ठरवायची नाही, वाट बघून ठरवायची.

माझा धाकटा भाऊ योगेश बारावी होऊन माझ्याकडे सुरतेला आला. तेव्हा आम्ही गोडादऱ्यात नवीनच राहायला गेलो होतो. एक खोली, पुढे ओटा. आमचे हे, योगेश, मुलं आणि मी. तो कापड मार्केटमध्ये एका शेठकडे लागला. मी चौथी शिकलेली, तो बारावी. माझं धागा कटिंगचं काम असायचं. साड्यांचा गठ्ठा घरी आणायचा आणि मागचे लोंबते धागे कात्रीने कापायचे. संध्याकाळी तो माझ्याजवळ बसून कापू लागायचा आणि शेठची नक्कल करून मला हसवायचा. मी कधी मोठ्याने हसत नाही. त्याच्यामुळे हसायचे.

मग शेठने शारजात दुकान काढलं आणि योगेशला तिकडे पाठवायचं ठरलं.

माय गावाहून आली. माझ्या स्टोव्हपाशी बसून तिने विचारलं, "शारजा कितलं दूर शे रे?"

"लई दूर शे माय. दोन दिन लागतस."

तिने दोन दिवसांच्या दशम्या केल्या. एवढी चळत झाली की कापड पुरेना, माझ्या जुन्या साडीचा पदर फाडून गाठोडं बांधलं. शेंगदाण्याची चटणी वेगळी. योगेश म्हणाला, "माय, विमानमा जेवन देतस."

"देतस ते देवोत. परकानं दोन दिन खाशी का?"

गल्लीतल्या बायका हसल्या. योगेश लाजला, पण गाठोडं घेतलं. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ते त्याच्या मांडीवर होतं.

त्या वेळी तो खोटं बोलला नव्हता. ते मी लिहायलाच हवं. तेव्हा मुंबईला जायचं, तिथे थांबायचं, मधे आणखी कुठेतरी विमान बदलायचं. त्याला तेवढा वेळ लागला असेल. त्या पहिल्या वेळेचं माझं काही म्हणणं नाही.

पुढे वडील गेले आणि माय माझ्याकडे आली. जावयाच्या घरी राहायचं म्हणून तिला फार अवघड जायचं. आमचे हे पलसाण्याच्या डाइंग मिलला जायचे, ते घरात असेपर्यंत ती ओट्यावरच बसून राहायची. मग तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं. खिडकीपाशी तिची खाट टाकली. जीभ जड झाली होती, पण एक वाक्य तिला नीट बोलता यायचं. दाराशी कुणाच्याही चपला वाजल्या की विचारायची, "उना का मना आंडोर?" आला का माझा मुलगा, एवढंच.

मी फोन लावायचे. फोन तिच्या कानाशी धरायचे. शारजाहून आवाज अगदी जवळून आल्यासारखा यायचा. तिकडे गेल्यापासून तो माझ्याशी अहिराणी बोलणं टाकूनच बसला होता, पण मायशी बोलायचा. "माय, लई दूर शे वं. दोन दिन जावाले, दोन दिन येवाले. सुट्टी नही मिळत." मग माय डोळ्यांनीच मला सांगायची की ठेव. वर अडखळत त्याचीच बाजू घ्यायची. दोन दिवसांची वाट आहे, पोरगं काय उडून येईल?

दिवाळीला हेच उत्तर आलं. आखाजीला हेच उत्तर आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. माझं माहेर खाटेवर पडलेलं होतं, मला न्यायचं कुठे? त्याने फक्त यायचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी योगेशला फोन केला. "ताई, निघतो मी," म्हणाला. "पण मला दोन दिवस लागतील, तुला माहीत आहे. काही झालं तर माझ्यासाठी थांबू नका."

मी मायला सांगितलं, योगेश निघाला. तिने डाव्या हाताने स्टोव्हकडे बोट दाखवलं. मला कळेना. मग कसंबसं बोलली, "दशम्या कर. त्याले भूक लागनी व्हई." दोन दिवस प्रवास करून पोरगं येणार, दारात पाऊल टाकताच त्याच्या हातात काहीतरी पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मी केल्या. त्यातली एक तिने कापडात गुंडाळून उशीखाली ठेवायला लावली. माझ्यावरही तिचा भरवसा नव्हता.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. आम्ही थांबलो नाही, कारण त्याने थांबू नका म्हटलं होतं. तापीच्या काठावर मडकं मी धरलं. चार माणसांत मान वर न करणारी मी, सगळ्या पुरुषांच्या पुढे चालले. कुणी काही बोललं नाही. घरी येऊन खाट उचलली तेव्हा उशीखाली ती दशमी होती. मऊ होती, तिला काही झालं नव्हतं.

योगेश तिसऱ्या दिवशी आला. सोबत बॅग, खजुराचे डबे, अत्तराच्या बाटल्या. रडला. मग खाली बसला आणि पाय लांब करून म्हणाला, "बघ ताई, दोन दिवस बसून बसून पाय सुजले." मला खरंच सुजलेले दिसले. मी पाणी तापवलं, मीठ टाकलं, मायची पितळी परात काढली आणि माझ्या हाताने त्याचे पाय त्या पाण्यात धुतले. मला वाटलं, बिचारा. आई गेली तेव्हा हा वाटेत होता. मी उशीखालची दशमी त्याला दिली. त्याने खाल्ली. चटणी मागितली.

हे सगळं मी त्याच्यावरच्या मायेने केलं. पुढे जे केलं ते का केलं, हे कळायला हे माहीत पाहिजे.

आमच्या शेजारी भावनाबेन राहतात. गुजराती आहेत, बोलायला मोकळ्या, माझ्या अगदी उलट. त्यांचा जावईही तिकडेच, शारजात. मायला जाऊन सहा-सात महिने झाले असतील. एका सकाळी भावनाबेनच्या घरी गडबड ऐकू आली, जावई आला होता. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून एक मोठी पांढरी रोटी काढून दिली. तिकडची रोटी, खुबूस म्हणतात. "चाखो तो खरा."

मी ती हातात घेतली आणि घडी घातली. घडी पडली, तडा गेला नाही.

मी भाकरी करणारी बाई आहे. दशमी टिकते, कारण ती दुधात मळलेली असते. ही पाण्यात मळलेली होती, हाताला कळत होतं. पाण्यात मळलेली रोटी दोन दिवसांची झाली की तिची घडी पडत नाही, ती मोडते. मला वाटलं, असेल काहीतरी तिकडची युक्ती. म्हणून अर्धी खाल्ली आणि अर्धी डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर पापडासारखी ताठ.

मी भावनाबेनच्या ओट्यावर गेले. विचारायला मला किती वेळ लागला ते मलाच माहीत. म्हटलं, "जमाई कधी निघाले होते?"

"आगली रात्रे, जमीने. सवारे तो अहीं चा पीधी."

रात्री जेवून निघालेला माणूस सकाळी इथे चहा प्यायला, याचा मला मेळ लागेना. "दोन दिवस लागतात ना?"

त्या हसल्या. "कोणे कह्युं? त्रण कलाक, बेन. आपणा सुरतथी सीधुं विमान छे, केटलाय वखतथी. तमारा गाम करतां तो नजीक!"

तीन तास. आमचे हे सकाळी पलसाण्याला जातात आणि संध्याकाळी परत येतात, त्या जाण्यायेण्यात एवढा वेळ जातो. मला माझ्या गावाला पोचायला याच्या दुप्पट लागतो. दशम्या सोडा, तीन तासांच्या वाटेला माझ्या मायने पाण्याच्या तांब्याशिवाय काही दिलं नसतं.

मी घरी येऊन साड्यांचा गठ्ठा पुढे घेतला. त्या दिवशी दोन साड्यांना माझ्या कात्रीने भोक पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी एकेक गोष्ट आठवू लागले. ती खाटेवर होती ते सगळे महिने सुरतेहून थेट विमान होतं. शनिवारी रात्री निघून, मायच्या उशाशी बसून तो रविवारी रात्री परत गेला असता. ती शेवटची वेळ. "निघतो मी" म्हणाला तेव्हा ती जिवंत होती. दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत होती. तो त्याच रात्री येऊ शकत होता. मग ते दोन दिवस तो काय करत होता? खजुराचे डबे काही वाटेत झाडाला लागलेले नव्हते. आणि ते पाय. ते सुजलेले पाय मी धुतले.

मी फोन करून भांडले नाही. मला भांडता येत नाही. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी मी बोलत नाही. पण मला विसरताही येत नाही. आमच्या ह्यांनासुद्धा मी सांगितलं नाही. ते म्हणाले असते, सोड. मला सोडायचं नव्हतं.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. त्याची बायको मनीषा तिकडेच असते. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांना मुलगी झाली होती. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, बारशाला तूच पाहिजेस. मनीषाचे आईवडीलही म्हणतात, आत्याशिवाय बारसं नको. मला दुसरी बहीण आहे का? तुझा पासपोर्ट काढू, तिकीट मी पाठवतो."

मी म्हटलं, "एवढ्या लांब मी कशी येऊ रे? दोन दिवस बसायचं. मला एसटीसुद्धा लागते."

"नाही, म्हणजे... आता जरा लवकर पोचतं, ताई."

"किती लवकर?"

"जरा."

"जरा म्हणजे? दीड दिवस?"

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. खरं सांगितलं असतं तर मी तिथेच फोनवर रडून त्याला माफ केलं असतं की काय, सांगता येत नाही. त्याने सांगितलं नाही. म्हणाला, "बरं, तुला जमत नसेल तर बघू."

पुन्हा फोन आला, पुन्हा मी तेच म्हटलं. लई लांब आहे. दोन दिवस लागतात. त्याचंच वाक्य होतं, मी त्यात काही मिसळलं नाही. शेवटी मनीषाने ठरवलं की बाळाला घेऊन आपणच सुरतेला जाऊ.

बारशाच्या दिवशी सकाळी ते येणार होते. मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना सकाळीच बोलावलं. पाळणा बांधायला मदत लागेल म्हटलं. भावनाबेनला सगळ्यांच्या आधी सांगितलं आणि पुढे बसवलं. पाणी तापत ठेवलं. मीठ काढून ठेवलं. परात चिंचेने घासली होती, तोंड दिसत होतं तिच्यात.

रिक्षा थांबली. मनीषा बाळाला घेऊन उतरली. तिच्या साडीची घडी मोडलेली नव्हती. मी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला घेतलं, बायकांच्या हातात दिलं. मग योगेशचा हात धरून त्याला पाटावर बसवलं आणि परात पुढे ठेवली.

"हे काय ताई?"

चार बायकांत मी कधी मोठ्याने बोलले नाही. त्या दिवशी बोलले. "दोन दिवसांचा प्रवास करून आलास. मागच्या वेळी पाय केवढे सुजले होते. मी विसरले नाही."

मनीषा हसतच म्हणाली, "कुठले दोन दिवस ताई? आम्ही तर काल रात्री घरी जेवून..."

योगेशने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला काही माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

भावनाबेन कशाला थांबतात? "बे दिवस? केम भाई, विमान पगे चालीने आव्युं?"

विमान काय पायी चालत आलं, यावर सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. मी त्याचे मोजे काढले. स्वच्छ होते. पाय जसेच्या तसे, कुठे सूज नाही. मी ते पाण्यात घेतले आणि सावकाश धुतले, बोटांच्या मधून, टाचेपर्यंत. त्याने पाय मागे ओढून पाहिला. मी सोडला नाही. "बस रे, थकला असशील," म्हटलं. खिडकीवर मायचा फोटो आहे. तो फोटोकडे बघत नव्हता आणि माझ्याकडेही नाही. परातीतल्या पाण्याकडे बघत होता. बायकांचं हसू थांबलं. ज्यांनी मायला त्या खाटेवर पाहिलं होतं, त्यांना सगळं समजलं. एकीने पदर तोंडाला लावला.

पाणी गार झालं तेव्हाच मी त्याचे पाय पुसले.

दुपारी बारसं झालं. मुलीचं नाव त्यांनी तिकडे कागदावर आधीच घातलं होतं, स्वरा. मी ते बदलणार नव्हते, लेकराने माझं काही वाईट केलेलं नाही. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी बायकांच्या गाण्यात कुणाला ऐकू आली नाही. "तीन तास लागतात, बाई. कुणी काही सांगितलं तरी तीन तासच." तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर योगेश दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. खूप वर्षांनी माझ्याशी अहिराणीत बोलला.

"ताई, माले ती तशी पाहवत नव्हती."

मी साड्यांची घडी घालत होते. म्हटलं, "माले पाहवत व्हती का रे?"

तो आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही की जाऊ दे. लोक म्हणतील, भाऊ पडतं घेऊन आला होता, बहिणीने उचलून घ्यायला हवं होतं. मी आठ महिने मायला उचलत होते. माझे हात दमले आहेत.

ते परत निघाले त्या दिवशी मी पहाटेपासून स्टोव्हपुढे बसले. मायने केल्या होत्या तेवढ्याच केल्या, दोन दिवसांच्या. दुधात मळल्या, जुन्या साडीचा पदर फाडला, गाठोडं बांधलं आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या समोर त्याच्या हातात दिलं. "लई दूरनी वाट शे," म्हटलं. त्याने घेतलं. रिक्षा वळेपर्यंत ते त्याच्या मांडीवर मला दिसत होतं.

मनीषाचा फोन येतो अधूनमधून. आता ती मला जास्त धरून असते. म्हणाली, "ताई, पोचलो तेव्हा दशम्या मऊच होत्या. हे खात नाहीत. पण मला टाकूही देत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवल्यात." मी म्हटलं, राहू दे. टिकतात त्या.

गावचं घर आता बंद आहे. कुणी विचारलं की मी अजून गावाचंच नाव सांगते, पण तिथे जाऊन मी कुणाच्या पाया पडू? माझं घर आता ही गोडादऱ्यातली खोली, कारण मायची खाट इथे होती. खिडकीपाशी खाटेच्या पायांच्या खुणा अजून फरशीवर आहेत, मी त्या घासून काढल्या नाहीत. माझ्याबरोबर खानदेशातून आलेल्या बायका म्हणतात, आपण फार लांब आलो. मी त्यांना म्हणते, लांब ते नसतं जिथे जायला वेळ लागतो.

मी योगेशला दार बंद केलेलं नाही. भाऊ आहे. त्याला वाटेल तेव्हा त्याने यावं, तीन तासांची तर वाट आहे. विमान खाली उतरलं की त्याने नुसता फोन करावा. तो घरी पोचेपर्यंत माझं पाणी तापलेलं असेल.